कोंबड्याचा खटला आणि बेडकांचं तळं

या वहिनी, अशा सावलीला या. हो, परवाच आलो. पुतणी बोर्दोला शिकते ना, तिच्याकडे उतरलो आणि तिथून दोर्दोन्य नदीकाठची खेडी पाहिली. पॅरिस काय हो, तुमच्या जाऊबाईंनीसुद्धा पाहिलंय, आयफेल टॉवर चिमटीत धरल्याचा फोटो गल्लीभर दाखवून झाला त्यांचा. खेडी कोण बघतं!

शांत? कसली शांत! तुम्हाला वाटतं तिथे नुसता वारा वाहतो आणि म्हातारे बाकावर बसतात. चर्चची घंटा ऐका एकदा. सातला सात टोले पडतात, तुम्ही कूस बदलता, आणि दोनेक मिनिटांनी पुन्हा सात टोले. मला वाटलं घड्याळ बिघडलंय. पुतणी म्हणाली, अगं काकू, ही जुनी रीत आहे. शेतात वाकलेल्या माणसाचं पहिल्यांदा मोजायचं राहिलं, तर दुसऱ्यांदा मोजता यावं म्हणून. शेतात आता एकटा ट्रॅक्टरवाला असतो, त्याच्या खिशात मोबाइल. पण टोले चालूच.

आणि त्यावरून भांडणं! शहरातली माणसं सुट्टीसाठी खेड्यात घरं घेतात, खिडक्या रंगवतात, आणि मग पहाटे कोंबडा आरवला की वकील गाठतात. खोटं नाही सांगत. पश्चिम किनाऱ्यावर ओलेरों नावाचं बेट आहे, तिथल्या मोरीस नावाच्या कोंबड्यावरून खटला झाला. शेजारच्या घरात सुट्टीला येणाऱ्या निवृत्त जोडप्याची तक्रार, की हा पहाटे आरवतो. अहो, कोंबडा दुसरं काय करणार? लाखावर लोकांनी मोरीसच्या बाजूने सह्या केल्या. सप्टेंबर 2019 मध्ये निकाल लागला : कोंबडा आरवणार, आणि तक्रारदारांनीच मालकिणीला 1000 युरो नुकसानभरपाई द्यायची. बिचारा पुढच्याच वर्षी गेला. पण जानेवारी 2021 मध्ये फ्रान्सच्या संसदेने कायदाच केला, की खेड्यातले आवाज आणि वास हा तिथल्या वारशाचा भाग. कोंबडा, घंटा, गाईच्या गळ्यातली घुंगरं, शेणखताचा वाससुद्धा. आता बोला! शेणाच्या वासाला कायद्याचं संरक्षण.

पण बेडकांचं नशीब तेवढं नव्हतं हो. हे तर आम्ही फिरलो त्याच दोर्दोन्य जिल्ह्यातलं, ग्रिन्योल गावातलं. एका जोडप्याच्या आवारात तळं. विणीच्या दिवसांत बेडूक ओरडतात, तसे ओरडले. शेजारी कोर्टात. आवाज मोजायला माणूस आला, 63 डेसिबल भरला. 2016 मध्ये बोर्दोच्या अपील कोर्टाने सांगितलं, तळं बुजवा. झालं! लगेच पर्यावरणवाले उभे राहिले, की तळ्यात संरक्षित जातीचे बेडूक आहेत, त्यांना हात लावाल तर तोच गुन्हा. म्हणजे बुजवावं तर पंचाईत, न बुजवावं तर कोर्टाचा अवमान. मी तर पोट धरून हसले. हे म्हणाले, हसतेस काय, तुझी वहिनींशी फणसाच्या फांदीवरून किती दिवस बोलाचाली नव्हती ते आठव. जाऊ दे ते, फांदी आता तोडलीय.

तर सांगत काय होते, गावं. घरं मधासारख्या पिवळ्या दगडाची, आणि काही जुन्या घरांच्या छपरांवर कौलांच्या जागी दगडाच्या चपट्या फरशा रचलेल्या. एवढं वजन पेलायला खालचं लाकूडही तसंच दणकट लागतं. ला रोक-गाजाक म्हणून गाव आहे, नदी आणि उभा कडा यांच्या चिंचोळ्या पट्टीत बसवलेलं. कडा दक्षिणेला तोंड करून, दिवसभर ऊन खातो, म्हणून भिंतीशी केळी आणि ताडासारखी झाडं! फ्रान्समध्ये केळ बघून मी आपली कोकणातल्यासारखी पानाला हात लावून आले. पण त्याच कड्याने 1957 मध्ये दगा दिला. दरड कोसळली, तीन माणसं गेली. तरी लोक तिथेच राहतात. आता काय सांगायचं.

नदीवर लाकडी होड्या फिरवतात पर्यटकांना. पूर्वी याच नदीने वरच्या जंगलातलं लाकूड बोर्दोकडच्या दारूवाल्यांकडे जायचं, पिंपं करायला. वरच्या भागातल्या होड्या एका फेरीपुरत्याच. खाली पोचल्यावर होडी मोडून तीही लाकूड म्हणून विकायची आणि नावाड्यांनी पायी घरी. प्रवाहाविरुद्ध ओढणार कोण?

बेनाक आणि कास्तेलनो, हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवर समोरासमोर. शंभर वर्षांच्या युद्धात एक बराच काळ इंग्रजांकडे, दुसरा फ्रेंचांकडे. बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांसारखे एकमेकांकडे डोळे वटारून बसलेत अजून. आणि बेनाकला आताचं भांडण वेगळंच. गावातून जाणारा रस्ता अरुंद, उन्हाळ्यात गाड्यांचा खोळंबा, म्हणून बाहेरून वळणरस्ता काढायचं ठरलं. नदीत पुलाचे खांब उभे झाले, आणि 2018 मध्ये वरिष्ठ कोर्टाने काम थांबवलं. पुढच्या वर्षी हुकूम आला, बांधलंय ते पाडा. कारण काय, तर इतक्या देखण्या खोऱ्याचं आणि निसर्गाचं नुकसान होईल एवढी या रस्त्याची गरज नाही. गावात दोन तट. मला विचाराल तर कोर्टाचं बरोबर. ते दृश्य बिघडलं असतं तर मग बघायला कोण जाणार? पण आमचे हे म्हणाले, तुला काय, तू फोटो काढून निघालीस, रोज त्या गर्दीत अडकणाऱ्याला विचार.

दोम नावाचं गाव आहे कड्यावर, 1281 मध्ये वसवलेलं. तिथे 1588 मध्ये जोफ्रुआ द व्हिव्हां हा प्रोटेस्टंट सरदार तीसेक माणसं घेऊन अंधारात कडा चढला. हे एकदम म्हणाले, तानाजी! हो, पण पुढचं ऐका. आत शिरून गोंधळ घातला, दरवाजे उघडले, गाव घेतलं. आणि 1592 मध्ये विकून टाकलं, ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याच पक्षाला. यांचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही.

लास्को गुहेतली आदिमानवाची चित्रं पाहिली, म्हणजे नक्कल पाहिली. खरी गुहा 1940 मध्ये पोरांना सापडली, लोकांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ धरलं, 1963 मध्ये बंद. पैसे देऊन नक्कल बघायची, म्हणून हे दिवसभर कुरकुरले.

मला विचाराल तर मनात राहिली ती जोसेफिन बेकर. नाचणारी, गाणारी, अमेरिकेतली काळी मुलगी, पॅरिसमध्ये नाव काढलं. महायुद्धात फ्रेंचांसाठी गुप्त निरोप पोचवले. तिने ले मिलांद नावाचा वाडा आधी भाड्याने आणि 1947 मध्ये विकत घेतला. वेगवेगळ्या देशांतली, वंशांची बारा मुलं दत्तक घेतली. बारा! आपल्याकडे दोघांचा अभ्यास घेता घेता जीव जातो. सगळ्या जगाला दाखवायचं होतं तिला, की माणसं एकत्र नांदतात. पण खर्च आवरला नाही, कर्ज झालं, वाड्याचा लिलाव झाला. 1969 मध्ये बाहेर काढलं तेव्हाचा फोटो लावलाय तिथे : स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलीय, डोक्याला टोपी, अंगावर पांघरूण, शेजारी सामान. मी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होते. तिचा तो केळ्यांचा प्रसिद्ध घागराही आहे, पण गर्दी सगळी तिकडे आणि फोटोपाशी मी एकटी. पुढे मोनॅकोच्या प्रिन्सेसने, ग्रेस केलीने, तिला घरासाठी मदत केली. आणि 2021 मध्ये फ्रान्सने तिला पाँथेऑनमध्ये, आपल्या थोर माणसांच्या रांगेत, जागा दिली. वाड्यातून काढलं तेव्हा कुठे होते हे सगळे?

खायचं? तेवढं विचारू नका. तिथे बदक म्हणजे बदक. बटाट्याच्या साध्या काचऱ्या मागवल्या, तर त्याही बदकाच्या चरबीत परतलेल्या, तीच त्यांची ख्याती. सार्ला गावात बाजाराच्या चौकात हंसांच्या ब्राँझच्या मूर्ती आहेत, आणि त्याच भागात हंसांना नळीने कोंबून खायला घालतात, यकृत फुगावं म्हणून. ते मला नाही पटलं, आणि मी खाल्लंही नाही. अक्रोड मात्र भारी, घरी आणलेत, देते तुम्हाला वाटीभर. बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज पावावर ठेवून भाजून द्यायचे सॅलडबरोबर, त्यावर माझे दिवस निघाले.

तुमच्या राहुलला जायचंय म्हणत होतात ना, त्याला सांगा : ऑगस्टमध्ये नको, सगळा फ्रान्स सुट्टीवर निघतो आणि भाडी चढतात. मे-जून नाहीतर सप्टेंबर. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी, शनिवारचा मोठा. गाडी घ्यायलाच हवी, बसवर विसंबून गेला तर एका गावात अडकून बसेल. दुपारचं जेवण बारा ते दोनमध्ये उरकावं, अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद, कितीही हात जोडा. आणि दुकानात शिरल्या शिरल्या आधी बोंज्यूर म्हणायचं, मग काय हवं ते विचारायचं. न म्हणता सरळ भाव विचारला, तर बाई पाव देईल, पण तोंड वाकडं करून देईल.