दहावीच्या आठवणी कशा काढाव्यात (नवशिक्यांसाठी, कसबा पेठ आवृत्ती)

जानेवारी संपत आला की वर्गात नोटीस फिरते: अमुक वारी दहावीचा सदिच्छा समारंभ, ज्यांना मनोगत व्यक्त करायचे असेल त्यांनी वर्गशिक्षिकांकडे नाव द्यावे. प्रिलिमचे पेपर अजून हातात पडलेले नसतात, पण पंधरा वर्षांच्या माणसाने आता मागे वळून पाहावे अशी संस्थेची अपेक्षा असते. घाबरू नये. 'शाळेचा निरोप घेताना' हा निबंध तुम्ही आठवीपासून पाठ केलेला आहे. म्हणजे आपल्याला अतीव दुःख झाले, हे दोन वर्षांपूर्वीच लिहून झाले आहे. आता ते फक्त व्हायचे बाकी आहे.

साहित्य

मुलींसाठी आईची साडी आणि आईला सापडतील तेवढ्या पिना. मुलांसाठी चुलतभावाचा ब्लेझर. नववीने फुगवलेले फुगे, कागदी डिशमध्ये सामोसा, वेफर्स आणि पेढा, एक घसा बसलेला माइक. सभागृह नसल्यास दोन वर्गांमधले लाकडी पार्टिशन सरकवावे. 'अ' आणि 'ब' तुकडी मिळून सभागृह तयार होते. गॅदरिंगला भरत नाट्य मंदिर घेतले होते, सेंडऑफला घेत नाहीत. रडायला भाड्याची जागा लागत नाही, असे संस्थेचे मत असावे.

कृती

आठवणी शाळेला साजतील अशा निवडाव्यात. पेठेतल्या बहुतेक शाळांना मैदान नसते, तेव्हा 'क्रीडांगणावरचे ते सोनेरी क्षण' हे वाक्य गाळावे. (दरवर्षी कोणीतरी ते म्हणतेच, आणि टाळ्याही पडतात.) तुमची पीटी गल्लीत झाली, 'एक-दोन-तीन-चार'च्या मध्ये टेम्पो आला की रांग भिंतीला चिकटायची, हे सांगावे. तांबट आळीजवळ राहणाऱ्यांनी हातोडीचा ठोका भाषणात जरूर घ्यावा. पेशवाईत आलेल्या कारागिरांचे मठारकाम तिथे अजून चालते, जरी ठोके पूर्वीइतके राहिले नाहीत. बाकीच्या पुण्यातल्या मुलांना भाषणात घालायला हॉर्नशिवाय आवाज नाही.

सहलीची आठवण हवीच. बाहेरगावच्या शाळा एसटी करून शनिवारवाडा आणि लाल महाल बघायला येतात. कसब्यातली शाळा दोन-दोनच्या रांगेने चालत जाते, आणि वाटेत ज्याचे घर लागते तो पाणी पिऊन परत रांगेत येतो. चौथीच्या पुस्तकात शाहिस्तेखानाची बोटे तुटतात १६६३ साली. ती ज्या महालात तुटली त्याच्या जागी पालिकेने पुष्कळ नंतर बांधलेली वास्तू तुम्ही पाहिलीत, हे बाईंनी तेव्हा सांगितले नसेल तर आता सांगू नये. पाहुणे त्या परिसरातलेच असतात.

मग प्रसंग. टिळकांच्या वर्गात शेंगांची टरफले पडली होती, तशी प्रत्येक तुकडीची आपापली टरफले असतात. कोणी तरी फळ्यावर काही तरी लिहिले, कोणी तरी कबूल झाले नाही, सगळ्या वर्गाला उभे केले. टिळकांची गोष्ट कोणी पाहिली याची महाराष्ट्राने कधी चौकशी केलेली नाही. तुमच्याही गोष्टीची होणार नाही. फक्त साक्षीदार वाढत जातात, एवढे ध्यानात ठेवावे. पंचवीस वर्षांनी स्नेहमेळाव्यात विचारले तर त्या दिवशी शेवटच्या बाकावर अकरा जण बसलेले निघतात. बाक तिघांचा होता.

गणिताच्या सरांना फणस म्हणू नये. बाहेरून काटेरी, आतून गोड, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकले आहे. एका पायथागोरसच्या सिद्धांतासाठी त्यांनी तुम्हाला सहा वेळा फळ्याशी बोलावले असेल, तर तेच सांगावे. सर हसतील. फणसाला ते कधी हसलेले नाहीत.

प्रमुख पाहुणे माजी विद्यार्थी असतात. ते १९७५ च्या आधीचे असतील तर डिशवर डोळा ठेवून बसावे. त्या साली शालान्त परीक्षा दहावीला आली. त्याआधीच्या लोकांनी मॅट्रिक अकरावीला दिली, म्हणजे त्यांच्याकडे एक इयत्ता जास्त आहे आणि ते ती वापरतात.

दक्षता

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे भाषण होईपर्यंत रडणे सुरू करू नये, पुरत नाही. 'पुन्हा कधी भेटू कोण जाणे' हे वाक्य म्हणण्याआधी सभोवार पाहावे. गेल्याच वर्षी ते म्हणणारा मुलगा आणि ते ऐकून रडणारा मुलगा एकाच वाड्यात वर-खाली राहत होते, आणि संध्याकाळी एकाच नळावर भेटले.

मात्र हे वाक्य कसब्यात काही वर्षांनी खरे होते, आणि त्यात पुरातत्त्व खात्याचा हात असतो. शनिवारवाडा हे केंद्राचे संरक्षित स्मारक. त्याच्यापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई. वाडा टेकू लावून उभा, पाडला तर बांधता येत नाही, ठेवला तर राहता येत नाही. मग एका दिवाळीत कुटुंब धायरीला जाते, दुसऱ्या वर्षी दुसरे सिंहगड रोडला. हद्दीबाहेरचे वाडे बिल्डरकडे जातात आणि बांधकाम होईपर्यंत भाडेकरू कुठेकुठे पांगतात. शाळेने जितक्या तुकड्या पाडल्या नसतील तितक्या याने पडतात. अशा मुलाचा पत्ता स्लॅम बुकात असतो, खाली 'कायम' असे लिहिलेले असते.

२०२० आणि २०२१ च्या तुकड्यांसाठी

या तुकड्यांना वरील सूचना जशाच्या तशा लागू होत नाहीत. २०२० च्या मुलांचे सगळे पेपर झाले, भूगोल राहिला. तो सोमवारी होता, २३ मार्चला. आधीच्या पेपरानंतर सगळे 'सोमवारी भेटू' म्हणून घरी गेले. बेत ठरलेला होता: पेपर सुटला की पांढऱ्या शर्टावर सह्या, मग शनिवारवाड्याच्या पटांगणात बसणे, मग सिनेमा. पेपर आधी पुढे ढकलला, नंतर रद्दच झाला. एप्रिलमध्ये पेठा सील झाल्या. कसब्यात गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले आणि तीन गल्ल्या पलीकडचा मित्र व्हिडिओ कॉलवर गेला. भूगोलाचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून मिळाले. ज्यांना कधीच भूगोल जमला नव्हता ते यात सुखी आहेत, आणि ते मान्यही करतात. पण शर्ट? अजून कोरा आहे, आईने तो धाकट्याला दिला.

या तुकडीने सेंडऑफचे वर्णन करताना फेब्रुवारीचेच करावे. शेवटच्या दिवसाची आठवण विचारली तर 'तो झाला नाही' एवढे सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

२०२१ च्या तुकडीची गोष्ट उलटी. परीक्षाच झाली नाही. नववीच्या आणि दहावीतल्या अंतर्गत गुणांवर निकाल लागला, ९९.९५ टक्के. त्या दिवशी निकालाची संकेतस्थळे तासन् तास उघडत नव्हती, आणि पास होणार हे माहीत असूनही घराघरात लोक रिफ्रेश करत बसले. दहावीचे बरेचसे वर्ष मोबाइलवर गेले, त्यामुळे आठवणींत बाक नाही, 'सर, आवाज तुटतोय' आहे. यांना 'कोरोना बॅच' म्हणून हिणवण्याची पद्धत आहे. ती बंद करावी. हा टोमणा मारणाऱ्या काकांना त्यांची मार्कलिस्ट मागावी. ती माळ्यावर असते आणि माळ्यावरच राहते.

नंतरचे

खरी ताटातूट निकालानंतर होते, कट-ऑफच्या याद्या लागतात तेव्हा. कोणी एसपीला, म्हणजे नदीच्या याच बाजूला. कोणी फर्ग्युसन, कोणी बीएमसीसी, म्हणजे नवा पूल ओलांडून. (कागदोपत्री शिवाजी पूल. १९२३ चा आहे, शंभरी झाली, पण म्हणतात नवाच.) पहिला आठवडा सगळे ठरवून एका बसने जातात. पुढे तास वेगळे होतात, गाड्या येतात, आणि ज्याच्याशी रोज डबा वाटला त्याच्याशी संबंध लाइकपुरता उरतो.

अशांना एकत्र आणायला पुण्यात स्नेहमेळावा भरवावा लागत नाही. ढोल लागतो. रमणबाग, नूमवि या शाळांच्या नावाची पथके आहेत; श्रावणात सराव सुरू झाला की नोकरीवाले, दाढीवाले, एक पोर कडेवर असलेले माजी विद्यार्थी पुन्हा रांगेत उभे राहतात आणि पुन्हा चुकतात. मिरवणुकीत कसबा गणपती पुढे, मानाचा पहिला, तेव्हा कसबेकराला घर सोडून दहा वर्षे झाली तरी त्या दिवशी यावेच लागते. आता मेट्रोचे 'कसबा पेठ' स्थानकही आहे, सप्टेंबर २०२४ पासून. धायरीच्या मुलांनी स्वारगेटला गाडी लावून यावे.

तुकडीने शाळेला भेट द्यायची असल्यास घड्याळ देऊ नये. शाळेकडे घड्याळे आहेत. सगळ्यांवर वर्ष आणि तुकडी रंगवलेली आहे आणि प्रत्येकात वेगळे वाजले आहेत. पंखा द्यावा, वरच्या मजल्यावर.

शेवटी दाखला. त्यात जनरल रजिस्टर क्रमांक, जन्मतारीख अंकी व अक्षरी, प्रगती 'समाधानकारक', वर्तणूक 'चांगली' असे असते. बाकावर कोरलेले नाव, बंक केलेले तास, जिन्यावरचे प्रकरण, काहीही नसते. हरकत घेऊ नये, फक्त जन्मतारीख आणि आईचे नाव नीट तपासावे. चूक निघाल्यास शाळा उघडी असतानाच दुरुस्त करून घ्यावी, नंतर फार फिरावे लागते. लगेच दहा-बारा झेरॉक्स काढून ठेवाव्यात. मूळ प्रत कॉलेजात जमा होते.