खिडकीतला सिंहगड

कपडे काढताय का वहिनी? काढा, काढा. चार भिंतींच्या टेकडीच्या बाजूनं भरून आलंय, पाच मिनिटांत येईल बघा. आणि पेढे कुठायत? लेकीचा नर्सिंगच्या सीईटीचा निकाल लागला, मार्क चांगले पडले, आणि शेजारणीला बातमी कळते ती दूधवाल्याकडून!

आता म्हणे ऑप्शन फॉर्मवर घोडं अडलंय. नाही हो, मी काही कान लावून बसले नव्हते. आमची खिडकी उघडी होती आणि भाऊजींचा आवाज तुम्हाला माहीतच आहे. ते म्हणतात मुंबई, ती म्हणते नाशिक, आणि तुम्ही आतून "दोन्ही लांब" म्हणून मोकळ्या.

तिचं नाशिक कळतं मला. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येणारी पोर. तिला अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्या आणि 1646 मीटरचं कळसूबाई खुणावणारच. पण विचारा तिला, वॉर्डातून सुटल्यावर संध्याकाळी यातलं काय गाठणार? फार तर पांडवलेणी. बाकी सगळ्याला अख्खा दिवस पाहिजे. आणि आरोग्य विद्यापीठ नाशिकला आहे म्हणून तिथलंच कॉलेज भारी, हे तिच्या डोक्यात कुणी भरवलंय? राज्यातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. परीक्षा सगळ्यांना तीच.

आमच्या भाचीची गंमत सांगते. पुण्याला बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ही पण डोंगरवेडी. पहिल्या वर्षी हॉस्टेल नको म्हणाली आणि खडकवासल्याच्या अंगाला खोली घेतली. का, तर खिडकीतून सिंहगड दिसतो! हॉस्पिटल गावाच्या मधोमध. सातची ड्यूटी म्हणजे पहाटे उठून बस, मग दुसरी बस. दुपारी सुटली की लेक्चर, संध्याकाळी पुन्हा दोन बस. खोलीवर पोचेपर्यंत अंधार, आणि मग केअर प्लॅन लिहायला बसायचं. रविवारी बाई काय करायची, तर युनिफॉर्म धुवायची, इस्त्री करायची आणि झोपायची. उशाशी सिंहगड, पण वर्षभरात पिठलं-भाकरी खायला गडावर गेली ती आम्ही पाहुणे गेलो तेव्हा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, हिचे जवळून नुसते साजरे!

दुसऱ्या वर्षी गुपचूप हॉस्टेलवर आली. आता वॉर्ड चालत दहा मिनिटांवर आणि पर्वतीच्या पायऱ्याही पायी जाण्यासारख्या. सकाळी जाते, घाम काढते, अंघोळ करून ड्यूटीवर हजर. कधी दुपार मोकळी मिळाली तर तळजाई. पर्वती म्हणजे काही गिर्यारोहण नव्हे, पण पोरगी माणसात आली. आणि महिन्या-दोन महिन्यांतून ग्रुपबरोबर राजगड नाही तर तोरणा होतोच. त्याला खोली पायथ्याशी कशाला लागते?

खरी गोम सुट्टीत आहे वहिनी. इतर कॉलेजातल्या पोरांना सुट्टी सलग मिळते. या पोरींना तुकड्यातुकड्यांत. आज सकाळची पाळी, पुढच्या महिन्यात दुपारची, पुढं पुढं रात्रीची पण. चार वर्षं, आठ सेमिस्टर हेच. त्यामुळं कुठला गड मोठा हे बघून उपयोग नाही. दीड-दोन तास हातात असले तर पायी कुठं जाऊन येता येईल, ते बघायचं.

आणि हजेरीचं माहीत आहे ना? परीक्षेला बसायला 80 टक्के लागतेच. पण प्रॅक्टिकलची हजेरी डिग्री मिळायच्या आत 100 टक्के भरून द्यावी लागते. भाचीच्या मैत्रिणीचा पावसाळ्यात लोहगड उतरताना पाय मुरगळला. प्लॅस्टर नाही, काही नाही, नुसती क्रेप बँडेज. पण वॉर्डात दिवसभर उभं कशी राहणार? बुडलेली ड्यूटी तिनं सगळ्या सुट्टीवर गेल्या असताना भरून काढली, तेही लंगडत. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी ड्यूटी असली की या पोरी निसरड्या वाटेला जात नाहीत. आपल्या लेकीला हे आत्ताच सांगून ठेवा, नंतर पटत नाही.

भाऊजींची मुंबई? वाईट नाही हो. मोठी हॉस्पिटलं, तऱ्हेतऱ्हेचे पेशंट, हात लवकर बसतो. बोरिवलीच्या बाजूला मिळालं तर नॅशनल पार्क आहे, कान्हेरीपर्यंत चालावं. सोमवारी बंद असतं तेवढं ध्यानात ठेवायचं. पण भायखळ्याला राहून कान्हेरी म्हणाल, तर पुन्हा ते लोकलचं लटकणं आलं. आणि तुम्ही दोघांनी कराडचा विचारच केला नाहीत! आगाशिवाचा डोंगर गावाला लागून, वर लेणी, आणि शनिवारी यष्टीनं साताऱ्याला घरी. पण कराड म्हटलं की पोरी नाक मुरडतात, त्यात काही ऐट नाही ना.

तेव्हा कॉलेज आधी बघा. हॉस्पिटल चालतं का, बेड भरलेले असतात का, जुन्या पोरी काय म्हणतात. त्यात जी दोन-तीन बरोबरीची निघतील, त्यांच्यात डोंगर बघून क्रम लावा. उलटं नको.

आला बघा पाऊस! ती चादर इकडं द्या, मी धरते. आणि एक राहिलं. हॉस्टेल बघायला जाल तेव्हा गेट रात्री बंद कधी होतं हे भाऊजी विचारतीलच, बापमाणूस आहेत. लेकीला म्हणावं, तू सकाळी उघडतं कधी ते विचार. वॉर्डन सहाच्या आधी नाही म्हणाली, तर ते कॉलेज एक नंबर खाली सरकवा.