आप्पांचा दावोस करार

सहली ठरवणारा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो, त्याची ओळख करून द्यायला नको. तुमच्याकडचा अष्टविनायक नाहीतर अंदमानवर समाधान मानत असेल. आमच्या वाट्याला आलेले आप्पा मात्र आल्प्सच्या खाली उतरायला तयार नाहीत. पहाटे पावणेसहाला ग्रुपवर त्यांचा मेसेज पडतो: ‘स्कीइंग सहल – अंतिम (सुधारित ४)’. दूधवाला त्यानंतर येतो.

‘अंतिम’च्या पुढे कंसात ‘सुधारित’ लिहिणारा माणूस सरकारी नोकरीतच तयार होतो. आप्पा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस. देशाचे पासपोर्ट, टपाल तिकिटं, मुद्रांक तिथं छापतात, आणि शेजारीच नोटांची प्रेस. उभी हयात तिथं गेल्यामुळे आप्पांच्या बोटांना एक खोड लागली आहे. हाती आलेला कुठलाही कागद ते आधी अंगठा आणि तर्जनीत चोळतात, मग ट्यूबलाइटसमोर धरतात, मग कानाजवळ नेऊन टिचकी मारतात. त्यानंतर, जमलंच तर, वाचतात.

लग्नपत्रिका आली की टिचकी. “आतला कागद हलका लावलाय. मुलीचा बाप व्यवहारी दिसतो.” काकूंच्या रक्ताचा रिपोर्ट आला, साखर भलतीच वाढलेली. आप्पांनी टिचकी मारली आणि म्हणाले, “रिपोर्ट चांगलाय. शंभर जीएसएम.” हॉटेलात त्यांचा चेहरा बिलाचा आकडा पाहून पडत नाही, बिलाचा तो गुळगुळीत कागद पाहून पडतो, आणि ते हळहळ करेपर्यंत पैसे दुसरं कुणीतरी देऊन मोकळं होतं.

तर स्कीइंग. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या भावाने म्युनिकहून पुढच्या सहलीसाठी म्हणून माहितीपत्रकं पाठवली, आणि ती चुकून आप्पांच्या हाती लागली. फ्रान्सचं पत्रक पातळ निघालं, शामोनी बाद. ऑस्ट्रियाच्या कागदाला चकाकी फार, “लपवण्यासारखं काहीतरी असणार.” स्वित्झर्लंडचं पत्रक त्यांनी दोनदा कानाशी नेलं. बर्फ किती, उतार कसा, नवशिक्यांना शिकवतात का, हे प्रश्न आम्ही विचारत राहिलो. आप्पा रेल्वेच्या नकाशावर बोट ठेवून होते: झुरिच, लांडक्वार्ट, तिथं गाडी बदलायची, मग दावोस.

“ठरलं. दावोस.”

“दावोसच का, आप्पा?”

“लांडक्वार्ट वाटेत लागतं.”

“तिथं काय आहे?”

आप्पांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपण त्र्यंबकला जाऊन ‘इथं काय आहे?’ विचारणाऱ्याकडे टाकतो. “कागदाची गिरणी. स्विस फ्रँकचा कागद तिथं होतो.”

एकोणीस माणसांची सहल, त्यात पाच जणांचे गुडघे दुखणारे, ती एका कागद गिरणीपायी दावोसला निघाली ती अशी.

आता महाराष्ट्रात दावोस हे काही थंड हवेचं ठिकाण म्हणून प्रसिद्ध नाही. इथं दावोस म्हणजे सामंजस्य करार. जानेवारीत जागतिक आर्थिक मंच भरतो, आपले मुख्यमंत्री कोट घालून जातात, बर्फापुढे फोटो निघतात, करारांचे आकडे पहिल्या पानावर येतात. त्यातले कारखाने कुठवर आले हे विचारेपर्यंत पुढचा जानेवारी उजाडतो आणि नवे करार होतात. बँकेतून निवृत्त झालेले तळमजल्यावरचे काका खवचटपणे म्हणाले, “आप्पा, आपलाही करार करून टाकू.” आप्पांना टोमणा लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरटी पाचशे रुपये आगाऊ घेतले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कशावर? शंभराच्या जुन्या कोऱ्या मुद्रांकावर. “हा आमच्याकडचाच,” म्हणाले, आणि वाजवून दाखवला.

खरी गंमत तारखांची झाली. जानेवारीत त्या मंचामुळे दावोसमध्ये खोली मिळणं कठीण, मिळाली तर भाव ऐकून थंडी वाजावी. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना स्कीची सुटी असते. तिकडचे आईबाप पोरांना घेऊन डोंगरावर, आणि आपल्याकडे त्याच वेळी बोर्डाची परीक्षा. शिवाय आमच्यात निफाडचे अण्णा आहेत. जानेवारी ते मार्च त्यांचा माल निघतो, कंटेनर भरून युरोपला जातो. त्यांची द्राक्षं सहज जातात तिकडं, त्यांना स्वतःला जाता येत नाही. थंडीचं तर अण्णांना काही सांगूच नका. पारा घसरला की ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवून मणी वाचवतात. “बर्फ बघायला पैसे कशाला भरायचे?” असा त्यांचा मूळ आक्षेप आहे, आणि तो अजून कुणाला खोडता आलेला नाही.

म्हणून मे महिना निघाला. मे महिन्यात दावोसला गवत असतं. झेरमाटच्या वरच्या हिमनदीवर बारा महिने स्कीइंग चालतं, ऑस्ट्रियात हिंटरटुक्सलाही, हे आप्पांनीच शोधून सांगितलं आणि आप्पांनीच फेटाळलं. झेरमाटला जाताना लांडक्वार्ट लागत नाही.

मग उंचीचा वाद. दावोस १५६० मीटरवर आहे हे कळताच बँकवाले काका घाबरले. विरळ हवा, रक्तदाब वगैरे. आप्पांनी शांतपणे सांगितलं, “आपला साल्हेर १५६७. बागलाणातली माणसं चढून जातात, वर पिठलं-भाकरी खाऊन येतात.” सात मीटरने नाशिक जिल्हा वरचढ ठरल्यावर सभा शांत झाली. एरवीही आप्पांकडे माहितीचा तुटवडा नसतो. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल बायकोच्या क्षयावर उपचार म्हणून दावोसला राहिला होता आणि १८९४ च्या मार्चमध्ये दोन स्थानिक भावांबरोबर डोंगर ओलांडून स्कीवरून अरोसाला गेला. एका उतारावर बसून घसरताना त्याच्या पँटची मागची बाजू झिजली, असं त्यानंच गमतीनं लिहून ठेवलंय. हा मेसेज वाचून काकूंनी एकच प्रश्न विचारला, “म्हणजे दोन पँटी जास्त घ्यायच्या का?”

सराव पार्किंगमध्ये झाला. नवशिक्याला वेग आवरायला पहिली गोष्ट शिकवतात ती अशी: पायांचे अंगठे आत, टाचा बाहेर. तिकडचे शिक्षक लहान पोरांना ‘पिझ्झा करा’ म्हणून सांगतात. रोज संध्याकाळी सात वाजता, पांढऱ्या लेंग्यावर माकडटोपी घालून, दोन्ही हातांत मच्छरदाणीच्या काठ्या धरून आप्पा “पिझ्झा! पिझ्झा!” ओरडत मोटारींमधून वाकून चालत. गेटवर ऑर्डर घेऊन आलेला पोऱ्या एकदा पंधरा मिनिटं ‘कुणाचा?’ म्हणून विचारत उभा राहिला.

हे सगळं किती वर्षं चाललंय ते मोजण्यात अर्थ नाही. ग्रुपमधली पोरं दहावीत होती, आता त्यांना पोरं आहेत. करोना आला, गेला. पाचशे रुपये आप्पांनी परत केले. नोटा एकेक वाजवून.

व्हिसाच्या तयारीसाठी एकदा त्यांनी सगळ्यांचे पासपोर्ट मागवले होते. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. मला वाटलं, मुदत तपासतील. आप्पांनी माझा उचलला, मधोमध उघडला आणि शिलाईच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग डॉक्टरीणबाईंचा. त्यांच्या पानापानांवर शिक्के: दुबई, सिंगापूर, हीथ्रो. शिक्क्यांकडे न बघता आप्पा शाई कागदाच्या पाठीमागे उतरलीय का ते बघत होते. “कुठंच फुटली नाही,” म्हणाले. आवाज जरा वेगळा लागला.

“आप्पा, तुमचा कुठाय?”

कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आला. त्यांचा हा दुसरा. पहिला दहा वर्षं भरून रद्द झालेला, तोही पिशवीत जपून ठेवलेला. शेंगेन व्हिसाला निदान दोन कोरी पानं लागतात असं मी कुठंसं वाचलेलं सांगितलं. आप्पा हसले. “माझ्याकडे छापील सोडली तर सगळीच आहेत. दोन्ही वह्यांत.”

या माणसाला नावं ठेवणं सोपं आहे आणि मी ते मनापासून करत आलोय. पण डॉक्टरीणबाई गेल्या फेब्रुवारीत नवरा आणि मुलांना घेऊन खरोखरच दावोसला जाऊन आल्या, ग्रुपला न सांगता, आणि निघायच्या आदल्या रात्री गुपचूप आप्पांकडून फाइल घेऊन गेल्या, हेही सांगायला हवं. फाइलमध्ये उतारांचे रंग होते: निळा सोपा, लाल मधला, काळ्याच्या वाटेला जायचं नाही. बूट भाड्याने घेताना पातळ मोजा एकच, दोन घातले तर पाय जास्त गार पडतात. आणि लाल शाईत: व्हिसापुरता तीस हजार युरोंचा विमा काढून गप्प बसू नका, बारीक अक्षरात स्कीइंग वगळलेलं असतं, ते वेगळं घालून घ्या. एजंटाने दिलेल्या पॉलिसीत ते खरंच वगळलेलं निघालं. धाकट्याचं मनगट तिसऱ्या दिवशी मोडलं. आप्पांची फाइल नसती तर त्या मनगटाने घर विकायला काढलं असतं.

त्या परत आल्यावर आप्पांनी मनगटाची चौकशी केली, नाही असं नाही. पण लगेच विचारलं, “लांडक्वार्टला उतरलात?”

“उतरलो ना. पळत पळत गाडी बदलली.”

“स्टेशनाबाहेर गेला नाहीत?”

“आप्पा, हातात आठ बॅगा होत्या हो.”

आप्पा काही बोलले नाहीत. बाईंनी आठवण म्हणून स्कीपास आणला होता. आप्पांनी चोळला, टिचकी मारली. “प्लॅस्टिक.” परत केला. मग बाईंनी पर्समधून दहा फ्रँकची नोट काढली, उरलेली. ती मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. खिडकीशी गेले. वर कागद, खाली कागद, मधे प्लॅस्टिकचा पदर, असं आम्हाला न बघता सांगत राहिले. कोपरा चोळला, दुमडायला निघाले आणि दुमडली नाही. वाजवली तेव्हा घरात कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “अरे वा,” आप्पा म्हणाले. दुसऱ्याच्या कारखान्याला त्यांनी दिलेली ही माझ्या ऐकिवातली पहिली दाद.

आता २०२७ ला सिंहस्थ आहे. नाशिककराने त्या वर्षी घर सोडायचं नसतं. सोडलं तरी पाहुणे कुलूप उघडून राहतात. म्हणून सहल २०२८ च्या फेब्रुवारीत. दरम्यान आप्पांच्या दुसऱ्या पासपोर्टची मुदत संपते. तिसरा चिपवाला मिळेल, तोही आपल्याच प्रेसचा, म्हणून ते खुशीत आहेत.

परवा काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “अहो, या वहीवर एकदा शिक्का पडू दे. दावोस राहू दे, नेपाळला जाऊन येऊ. बर्फ तिथंही असतो.”

“नेपाळला आपल्याला शिक्का मारत नाहीत,” आप्पा म्हणाले. “मी चौकशी केली होती.”