आपणच न्हावी, आपणच गिऱ्हाईक

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. रिकामा पेन्शनर काय करतो, याबद्दल मात्र म्हण गप्प आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की तो वस्तरा विकत घेतो. पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा, धार लावून वापरायचा खरा वस्तरा.

असला वस्तरा आता सलूनमध्येही क्वचितच दिसतो. तिथे हातात असते ती नुसती वस्तऱ्याच्या आकाराची मूठ, आणि तिच्यात दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड बसवतात. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची धास्ती आली आणि ‘नवीन ब्लेड टाका हं’ असं खुर्चीत टेकण्याआधीच बजावायची रीत पडली. ते शहाणपणाचंच झालं. पण त्या शहाणपणात चामड्याच्या पट्ट्यावर सपसप वस्तरा फिरवत गावभरच्या बातम्या सांगणारा माणूस दिसेनासा झाला.

स्वतःची दाढी स्वतः करणं ही मुळात शिकायची गोष्ट आहे, असं पॅरिसच्या झाँ-झाक पेरे यांना 1769 साली वाटलं आणि त्यांनी त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पेरे हे सुऱ्या, वस्तरे घडवणारे कारागीर. लोक घरी दाढी करायला लागले की घरोघरी वस्तरा लागणार, हा हिशेब त्यांना समजत नसेल असं नाही. तरी पुस्तक लिहून विद्या वाटणारा दुकानदार मला आवडतो. हल्ली वस्तूबरोबर मिळते ती फक्त सूचनांची घडी, तीही मुंगीच्या अक्षरात.

या विद्येचा पहिला धडा पट्ट्यावरचा. पात्याची पाठ पुढे, धार मागे, असा वस्तरा ओढत न्यायचा आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरूनच उलटायचा. धार पुढे गेली की पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. दुसरा धडा गालावरचा. गरम पाण्याने खुंट मऊ करायचे, भरपूर फेस काढायचा, मोकळ्या हाताने कातडी ताणायची आणि पातं साधारण तीस अंशांत धरायचं. शाळेपासून कंपासपेटीत निवांत पडलेला कोनमापक अखेर कशासाठी होता, ते मला साठीनंतर कळलं. तिसरा धडा केसांच्या दिशेचा. गालावरचे केस गुमान खाली वाढतात, मानेवरचे मात्र वाटेल तिकडे. इतकी वर्षं हा चेहरा घेऊन हिंडलो, पण त्याचा नकाशा मी बोटांनी चाचपून पहिल्यांदाच पाहिला.

घरात या उद्योगाला विरोध झाला नाही. सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, “न्हाणीघराला आतून कडी लावू नका.”

न्हावी म्हणून मी कसा आहे, हे कळायला वेळ लागला. गिऱ्हाईक म्हणून मी किती वाईट आहे, हे मात्र लगेच कळलं. वस्तरा कंठमण्याशी आला की मला आवंढा गिळावासा वाटतो. नाकाखाली आला की शिंक येते. सलूनमधला पोरगा “काका, मान ढिली सोडा” म्हणतो आणि मान आपोआप सुटते. तेच मी मला म्हटलं की ती आणखी ताठ होते. त्या पोराच्या हातात मी वर्षानुवर्षं गळा दिला, प्रसंगी डुलकीही काढली. मग जन्मापासून ओळखीच्या स्वतःच्या हाताचा एवढा संशय का? विचार करता उमगलं की त्या पोराच्या हाताबद्दल मला काहीच माहिती नाही, म्हणून विश्वास बसतो. माझ्या हाताबद्दल सगळी माहिती आहे.

हा संशय जगभरच्या पुरुषांना असावा. किंग कॅम्प जिलेट यांनी तो बरोबर हेरला. त्यांनी पात्याला आडोसा दिला, धार लावायची कटकट काढून टाकली आणि बोथट झालं की फेकायचं ब्लेड आणलं. विक्रीच्या पहिल्या वर्षी, 1903 साली, त्यांची यंत्रं खपली अवघी 51. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात ती गेली आणि मग मागे वळून पाहावं लागलं नाही. भीती गेली, तशी शिकायची गरजही गेली.

घरच्या न्हाव्याचे फायदे आहेत. सलूनला सोमवारी सुट्टी, शनिवारी दाढी करू नये असं आईने सांगून ठेवलेलं, अमावस्या निराळीच. माझा न्हावी वार पाहत नाही. मात्र त्याच्याकडे बातम्या नाहीत. मला ठाऊक नसलेली एकही गोष्ट तो मला सांगू शकत नाही, आणि समोर आरशात बसलेलं गिऱ्हाईक त्याच्या प्रत्येक मताला मान डोलावतं. करमणूक म्हणून हा सौदा तोट्याचाच.

म्हणून केसांसाठी अजून सलूनमध्ये जातो. परवा त्या पोराने हनुवटी वर करून पाहिली आणि विचारलं, “काका, दाढी घरी करता वाटतं? जबड्याखाली थोडी राहिलीय. काढू का?”

मी हो म्हटलं, आणि त्याबद्दल मला फारसा कमीपणा वाटला नाही. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने नकार दिला तेव्हा गांधीजींनी केस कापायचं यंत्र विकत आणलं आणि आरशापुढे उभं राहून स्वतःच केस कापले. पुढचे बऱ्यापैकी जमले, मागचे पार बिघडले. कोर्टातल्या मित्रांनी हसत विचारलं, उंदरांनी कुरतडले की काय? आत्मकथेत हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. स्वावलंबनाचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण त्यांचंही मानेमागे काही चाललं नाही. स्वावलंबनाची हद्द कानांपाशी संपते. तिथून पुढे माणसाला दुसरं माणूस लागतंच.