ठोकळासमाधी

ध्यानाला बसलो की मला सोसायटीचा मेंटेनन्स आठवतो. बायको म्हणते, विचार येऊ द्यायचे, जाऊ द्यायचे. माझे येतात, पण जात नाहीत, मुक्कामच ठोकतात. प्लंबर, पीएफ, मेव्हण्याने नेलेली ड्रिल मशीन. मोबाइलवर टेट्रिस लावलं मात्र, की पाचेक मिनिटांत मी या जगात नसतो. श्वास संथ, अहंकार शून्य. दारावरची बेल ऐकू येते, पण ती शेजाऱ्यांचीच वाटते. ऋषिमुनींना जे हिमालयात मिळालं ते मला डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर मिळतं. घरात त्याला मान नाही, एवढंच.

मान दिला तो मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, सर्जन अशा मंडळींशी बोलून त्याने या तंद्रीचा अभ्यास केला आणि 1990 साली ‘फ्लो’ हे पुस्तक लिहिलं. तंद्री लागायची तर काय करायचंय ते स्पष्ट हवं, केलेलं बरोबर की चूक ते लगेच कळायला हवं, आणि काम आपल्या कुवतीच्या जेमतेम वर हवं. फार वर गेलं की घाबरगुंडी, खाली आलं की जांभई.

हे वाचलं आणि मला माझ्या ऑफिसचा उलगडा झाला. तिथे काय करायचंय ते साहेबांनाही ठाऊक नसतं, आणि मे महिन्यात केलेल्या कामावर ‘समाधानकारक’ हा शेरा पुढच्या मार्चमध्ये मिळतो. टेट्रिसमध्ये ओळ भरली की जागच्या जागी गडप. कुणाची सही लागत नाही.

गंमत म्हणजे हा खेळ जन्मला सरकारी ऑफिसातच. 1984 साल, मॉस्को, सोव्हिएत विज्ञान अकादमीचं संगणक केंद्र. अलेक्सेई पाजित्नोव या संशोधकाने तो ‘इलेक्ट्रॉनिका 60’ या यंत्रावर लिहिला. त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून त्याने कंस जोडून ठोकळे केले आणि पहिला बळी स्वतःच झाला. हक्क सरकारकडे गेले. त्याची खरी कमाई सुरू झाली 1996 पासून. जगभरच्या कर्मचाऱ्यांचे इतके तास वाया घालवणारा दुसरा सरकारी कर्मचारी माझ्या तरी माहितीत नाही, आणि माझी सरकारी ओळख दांडगी आहे.

आमच्या पिढीकडे हा खेळ आला तो जत्रेतल्या ब्रिक गेममधून. दोन पेन्सिल सेल, राखाडी पडदा आणि वर छापलेलं ‘9999 इन 1’. खरे खेळ डझनभर. बाकीचे तेच, जरा जोरात. पण दहा घरं रुंद, वीस घरं उंच अशा त्या विहिरीत आमच्या कित्येक मे महिन्यांच्या दुपारी बुडाल्या.

तंद्री उतरली तरी ठोकळे पडायचे थांबत नाहीत. डोळे मिटले की ते वरून येतातच. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी 2000 साली याचाच प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्मृतिभ्रंशाचे रुग्णही होते. आपण खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी डोळा लागताना काहींना पडणारे ठोकळे दिसले! माझं त्या मानाने बरं आहे. मी फक्त सुपरमार्केटात बिस्किटांचे पुडे फिरवून बसवतो.

सगळ्याच खेळांत मात्र हे सुख नाही. आई कँडी क्रश खेळते. तिची समाधी लागत आली की पाच जीव संपतात, आणि नवा जीव हवा तर अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. तंद्री लावायची आणि ऐन रंगात बिल पुढे करायचं, ही माझ्या मते शुद्ध लबाडी आहे. टेट्रिस निदान सरळ मारतं. वेग वाढत जातो, ढीग छताला लागतो, संपलं. वरून आईचं म्हणणं, ‘तुझ्यापेक्षा बरी, मी अर्ध्या तासाने कुकर तरी लावते.’

तेव्हा घरोघरच्या गृहिणींना, गृहस्थांना आणि मातोश्रींना हात जोडून एक विनंती. समोरचा माणूस मान खाली घालून बसला असेल आणि हाकेला ‘हं’ यापलीकडे उत्तर येत नसेल, तर तो तुमचा अपमान करत नाही. तो उभ्या दांडीची वाट पाहतोय. ती येऊ द्या, चार ओळी जाऊ द्या, मग खुशाल भाजी निवडायला बसवा.