वाणाच्या ताटाशेजारी ते पाकीट

अहो, ऐकलंत का? मंडळाच्या हळदीकुंकवाला तुम्ही नेमक्या आला नाहीत, आणि यंदाच काय काय झालं म्हणून सांगू! जरा अलीकडे सरका. आमचे हे गॅलरीत पेपर वाचतायत, पण डोळे पेपरात नि कान इकडे.

डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान ठेवलेलं. फळ्यावर लिहिलं होतं, ‘किशोरवयीन मुलांचे आरोग्य’. आम्हाला वाटलं हिमोग्लोबिन, बीट खा, मोबाइल कमी बघा, झालं! कसलं काय. बाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं नि सरळ वाणाच्या ताटाशेजारी ठेवलं. निरोधचं हो! एकीकडे स्टीलच्या गाळण्या, एकीकडे तिळाच्या वड्या, नि मधोमध ते. सेक्रेटरींच्या बायकोनं झटकन वर रुमाल टाकला. बाईंनी तो उचलला, नीट घडी घातली नि त्यांच्याच हातात दिला. हू नाही की चू नाही. वहिनींचा चेहरा असा काही उतरला, की मला हसू आवरेना. मी आपली वडी तोंडात टाकली.

“तुमच्या मुलांना हे कोण सांगणार? तुम्ही, की त्यांचा फोन?” बाईंनी विचारलं. सगळ्या गप्प. मग आपल्या बी-विंगच्या काकू... त्याच, माहेरचं गिरगाव निघाल्याशिवाय ज्यांचा चहा संपत नाही... त्या फणकारल्या, “आमच्या गिरगावात असली थेरं नव्हती बाई!”

अगंबाई, डॉक्टरीण जणू वाटच बघत होती. “काकू, चौपाटीसमोर विल्सन कॉलेज आहे ना? तिथेच गणित शिकवायचे र. धों. कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनला मेरी स्टोप्सबाईंनी काढलं, त्याच वर्षी!” काकूंनी एकदम मंगळसूत्र चाचपलं. महर्षी अण्णा कर्व्यांचा थोरला मुलगा हो तो, कुणी उपरा नाही. त्यापायी नोकरी गेली, पण ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून मरेपर्यंत चालवलं. अश्लील म्हणून खटले भरले त्याच्यावर. १९३४ च्या खटल्यात तर बाबासाहेब आंबेडकर वकील होते, तरी दंड झालाच. घर चालवलं ते बायकोनं, मालतीबाईंनी. त्या बाईचं नाव मात्र कुणी घेत नाही, हे मी आपलं मधेच सांगते.

तर काय सांगत होते... हां, मग बंगळुरूचं निघालं. आठवतं ना, २०२२ मध्ये शाळांनी मोबाइल शोधायला दप्तरं तपासली, नि आठवी-नववीच्या पोरांकडे चक्क निरोध सापडले? पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी कपाळावर हात मारला. “म्हणूनच म्हणते, सांगितलं की पोरं बिघडतात!” बाई म्हणाल्या, “आपल्या राज्यात २००७ साली विधिमंडळात गदारोळ झाला नि शाळेतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. मग आता न सांगता बिघडली म्हणायची का?” वहिनी आपल्या पंख्याकडे बघायला लागल्या. पंखा बंद होता.

आता तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका. आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मी परवा क्रोसिन घ्यायला उभी, पुढे एक कॉलेजची मुलगी. नाव विचारू नका, सांगायची नाही. हळूच तिनं ती गर्भ राहू नये म्हणून घ्यायची, बहात्तर तासांची गोळी मागितली. चिठ्ठी लागत नाही हो त्या गोळीला, २००५ पासून तशीच मिळते. पण त्या माणसानं तिला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं, नि मोठ्यांदा, “लग्न झालंय का?” पोरगी लालबुंद! शेवटी गोळी दिली ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी, जसं काही चोरीचा माल. कशी घ्यायची, ते एका शब्दानं सांगितलं नाही मेल्यानं.

मी हे सांगितल्यावर... म्हणजे मी आपलं, “एका ओळखीच्या दुकानात” असं म्हणून सांगितलं... तर निम्म्या जणींना वाटलं ती गर्भपाताची गोळी! बाईंनी डोक्याला हात लावला. ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, पण महिन्याची सवय करायची नाही. आणि रोगापासून वाचवतं ते फक्त ते ताटाशेजारचं पाकीट. गर्भपाताची गोळी वेगळी, ती डॉक्टरशिवाय घ्यायचीच नाही. माझ्या सुनेलासुद्धा हा फरक ठाऊक नव्हता, एम.कॉम. आहे ती!

मग कुणीतरी विचारलं, “मेडिकलमध्ये कशाला, मुली तुमच्याकडे का येत नाहीत?” आणि इथे पहिल्यांदा बाईंचाच चेहरा पडला हो. म्हणाल्या, “अठराच्या आतली आली नि मला कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं मला भाग आहे. मुलगाही सतरा वर्षांचा असला तरी. मग कोण येईल?” २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गर्भपातापुरती सोय केलीय म्हणे, मुलीनं नि पालकांनी सांगितलं तर डॉक्टरनं नाव उघड करायला नको. पण तोवर उशीर झालेला असतो ना! आधीच्या सल्ल्याचं काय? कायदा केला पोरींना राखायला, नि पोरी डॉक्टरलाच घाबरून लांब.

एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशी बोलल्या. कधी तोंड उघडत नाहीत हो त्या. “बाई, माझ्या पोरीचं सतराव्याला लगीन लावलं. तिला कुणी इचारलं, तुला मूल आत्ता हवं का? आता दवाखान्यात न्यायची तर वय सांगायची भीती.” कपबशा वाजायच्या थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतला. महाराष्ट्रात विशीतल्या, वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये जवळपास २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली. शंभरात बावीस! आम्ही मारे बंगळुरूच्या दप्तरांवर बोलत होतो. मांडव घालून दिलेल्या पोरींबद्दल आमच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं. ज्यांना पाळणा लांबवायची सगळ्यात जास्त गरज, त्यांची आपण डोहाळजेवणं करून मोकळे.

बी-विंगच्या काकू जाताना काय म्हणाल्या माहितीय? “तरीसुद्धा बाई, वाणाच्या ताटाशेजारी ठेवायला नको होतं.” म्हणजे वस्तूला हरकत नाही, जागेला आहे! मी तर म्हणते, पोरांच्या हाती काय पडेल याची धास्ती घेण्यापेक्षा त्या मेडिकलवाल्याचं तोंड आधी बंद करायला हवं.

आणि हो, तुमचा नातू अकरावीला ना? सरकारी दवाखान्यात मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, सल्ल्याला पैसे पडत नाहीत. त्याला सांगून ठेवा. तुम्हाला लाज वाटत असेल तर माझ्याकडे पाठवा, मी सांगते.