३४ सेंटांची ईद

रमजानचा शेवटचा आठवडा आला की शिकागोच्या उपनगरातल्या एका मशिदीत, चपला ठेवायच्या मांडणीशेजारी, एक गृहस्थ उभे दिसतात. पोटावर दाबून धरलेली फाइल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. येणाऱ्याच्या सलामाला सलाम देतात आणि पुढच्याच श्वासात विचारतात, "पोस्टात गेला होतात?" हे आमचे चाचा. मूळचे श्रीवर्धनचे, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात; तिकिटांविषयी मात्र कुठल्याही भाषेत, समोरच्याला ती येवो न येवो.

चाचा तिकिटं जमवतात हे सांगणं अपुरं आहे. ते एकच तिकीट जमवतात: अमेरिकन टपालखात्याचं ईदचं. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी सुलुस लिपीत 'ईद मुबारक' आणि खाली इंग्रजीत शुभेच्छा. हे तिकीट निघावं म्हणून देशभरातल्या हजारो मुसलमान मुलांनी टपालखात्याला पत्रं लिहिली. चाचांनीही लिहिलं होतं. त्या वेळी ते पन्नाशीला टेकले होते, पण मोहीम मुलांची आहे म्हटल्यावर अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलं, असं चाची सांगतात.

१ सप्टेंबर २००१ ला तिकीट निघालं तेही चाचांच्या अंगणातच, इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला. पहिल्या दिवसाचा शिक्का मारलेली पाकिटं घेऊन ते घरी आले तेव्हा चाचींना वाटलं, गाडीचं कर्ज फिटलं. पुढे दहा दिवसांत न्यूयॉर्कचे मनोरे पडले. हे तिकीट कुणी घेऊ नये, असे इमेल फिरू लागले. टपालखात्याने तिकीट मागे घेतलं नाही, उलट पुढच्याच वर्षी पुन्हा छापलं. त्या काळाबद्दल चाचा फारसं बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "खप दिसला पाहिजे, भाऊ. खप दिसला की कुणाची हिंमत नाही बंद करायची."

तेव्हापासून खप दाखवायची जबाबदारी चाचांनी स्वतःच्या शिरावर घेतली आहे. पोस्टाच्या खिडकीशी नुसती 'तिकिटं द्या' म्हणायचं नाही, 'ईदची द्या' म्हणायचं, याची ते मशिदीतल्या पोरांकडून तालीम करून घेतात. तिकिटाचे सुलेखनकार मोहम्मद झकारिया यांचं चरित्र मोफत ऐकवतात: कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरात जन्मलेला माणूस, कारखान्यात यंत्रावर काम केलेला, इस्लाम स्वीकारून इस्तंबूलच्या उस्तादांकडे सुलेखन शिकला, तिथली सनद मिळवणारा पहिला अमेरिकन ठरला. इथवर आल्यावर चाचा थांबतात आणि आपण हुंकार दिला नाही तर व्हेंचुरापासून पुन्हा सुरुवात करतात.

आणि एवढं करून चाचा स्वतः ते तिकीट पाकिटावर लावत नाहीत! माझ्या घरी त्यांचं ईदचं कार्ड येतं ते अमेरिकेच्या झेंड्याचं तिकीट लावून. श्रीवर्धनच्या भाचीलाही झेंडाच. विचारलं तर दुखावतात. "ते मिंट आहे," म्हणतात. मिंट म्हणजे न वापरलेलं, कोरं, वीसचं अख्खं शीट. जगाने ईदची तिकिटं चिकटवावीत म्हणून घसा कोरडा करणारा हा माणूस शीटला हात लावण्याआधी साबणाने हात धुतो. हुंड्यातली भांडी माळ्यावर ठेवून रोज पितळीत जेवणारी आमची आजी त्यांना बरोबर ओळखती.

शिवाय चाचांच्या लेखी ते तिकीट एक नाहीच. २००१ मध्ये ३४ सेंट, २००२ मध्ये ३७, मग ३९, ४१, ४२, २००९ मध्ये ४४. चित्र तेच, निळं तेच, सोनेरी तेच. चाचींना दिसतं एक तिकीट, चाचांना दिसतात सहा. टपालाचा दर वाढला की सगळी अमेरिका कुरकुरते, चाचा तेवढे अत्तर लावून पोस्टात जातात. २०११ मध्ये मात्र संकट आलं. तिकीट 'फॉरेव्हर' झालं, म्हणजे दर कितीही वाढला तरी तेच चालणार, नव्या किमतीचं निघणारच नाही. चाचांचा चेहरा उतरला. नशिबाने त्या वर्षी पार्श्वभूमी लाल झाली, २०१३ मध्ये हिरवी, आणि संसार पुन्हा मार्गी लागला.

चंद्राचंही सांगायला हवं. चंद्र डोळ्यांनी पाहायचा की गणिताने ठरवायचा यावर इथल्या मशिदींचं एकमत होत नाही. एका घरात सकाळी शीरखुर्मा तर भिंतीपलीकडे अजून रोजा. तिकिटावर मात्र तारीखही नाही, कुठली ईद तेही नाही. रमजान ईदला चालतं, बकरी ईदलाही. "सगळ्या मशिदींना मान्य असलेली अमेरिकेतली ही एकच गोष्ट," चाचा म्हणतात.

२०१६ च्या ऑक्टोबरात दिवाळीचं तिकीट निघालं, सोनेरी उजेडात पेटलेली पणती. त्यासाठी आम्ही मंडळींनी वर्षानुवर्षं अर्जविनंत्या केल्या होत्या, अर्जावर चाचांची सही सगळ्यांत ठळक. अभिनंदन करायला ते पेढे घेऊन आले, बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पंधरा वर्षं उशिरा का होईना." मग खपाचं महत्त्व सांगितलं. तासभर.

मध्यंतरी तर कहरच झाला. चाची अजून गॅसचं बिल चेकने, टपालाने भरतात. घाईत त्यांनी हाताला लागलेल्या शीटमधलं एक तिकीट सोलून पाकिटावर लावलं. ते निघालं ३४ सेंटांचं, २००१ चं. दर केव्हाच दुपटीपुढे गेलेला. "ईदचं तिकीट कायमचं चालतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" चाची म्हणाल्या. टपाल अपुरं म्हणून पाकीट परत आलं, बिल थकलं, वर दंड बसला. चाचा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंगातून पाकीट पाहताना त्यांच्या लक्षात आलं की तिकिटावर टपालाचा शिक्का आहे, शेजारी परतीचाही आहे, आणि इतक्या वर्षांनी परत फिरलेलं ईदचं असं पाकीट आपल्या माहितीतल्या एकाही संग्राहकाकडे नाही.

काल मी गेलो तेव्हा एकोणीस तिकिटांचं शीट टेबलावर उघडं पडलेलं होतं आणि चाचा आतल्या खोलीकडे तोंड करून विचारत होते, "अगं, विजेचं बिल आलं का?"